अठरा हजार द्राम

पुन्हा बंद पडला. वाक्याच्या ऐन मध्यात.
‘वारसाहक्काने’ टाइप झालं होतं, ‘मिळालेली’ व्हायचं होतं.
आधी पंखा किंचाळला, मग पडदा काळा,
मग नुसता वास, तापल्या इस्त्रीचा.

नऊ वर्षांचा आहे.
उन्हाळ्यात मी त्याला अंड्यांच्या रिकाम्या ट्रेवर बसवते,
हिवाळ्यात खिडकीच्या फटीशी.
बाहेर उणे चौदा : तो खूश, माझी बोटं नाहीत.
मांजर मात्र डाव्या बाजूला, गरम हवेच्या तोंडाशी,
शेकोटीला बसावं तशी.

अस्तघिक येरेवानहून फोनवर सांगते,
“आई, टाक तो आता. हप्त्यावर नवा घे.”
नवा दोन लाख तीस हजारांना.
मी वारसांचे कागद रशियनमधून आर्मेनियनमध्ये आणते,
पानाला बाराशे द्राम.
म्हणजे एकशे ब्याण्णव पानं.
एवढी पानं भरायला ग्युम्रीत किती माणसांनी मरावं लागेल,
आणि तेही मागे काहीतरी ठेवून?
(असले हिशेब मी कुणाला बोलून दाखवत नाही.)

हराचचं दुकान बाजारामागच्या लोखंडी डब्यात आहे.
भूकंपानंतर असे डबे आले, दोन वर्षांसाठी म्हणून.
आम्ही सतरा हिवाळे काढले तसल्याच एकात.
आई दर वसंतात भिंतीचा कागद बदलायची
आणि दर वेळी म्हणायची, “आता काय, थोडेच दिवस.”

हराचने अकरा स्क्रू काढले,
जर्दाळूच्या मुरंब्याच्या झाकणात गोल मांडले,
पाठ उघडली, आणि हसला.
चिमट्याने त्याने एक करडी घडी बाहेर ओढली,
नमद्यासारखी घट्ट.
“बाई, याची टोपी होईल.”

मी ती दिव्याखाली धरली.
वरच्या थरात काळे केस, ही आत्ताची मांजर.
त्याखाली पीठ.
त्याखाली राख, गेवोर्गची,
तो रोस्तोव्हला कामावर गेला त्या वर्षापर्यंतची.
तिथे राख संपते.
आणि अगदी तळाशी, पात्यांना चिकटलेले,
पांढरे केस.
पिसो.
तिला जाऊन सहा हिवाळे झाले
आणि हे यंत्र तिला अजून आत ओढून धरून होतं,
श्वास कोंडला तरी.

“पंखा आणि पेस्ट, अठरा हजार,” हराच म्हणाला.
“बॅटरीचं पोट फुगलंय, ती काढून टाकतो, वायर लावूनच चालव.
वर्ष काढेल. दोन काढली तर माझं कसब समजू नकोस,
त्याचं नशीब.”
मी विचारलं, तू काय केलं असतंस?
त्याने दाराबाहेर हनुवटी दाखवली.
समोर काळ्या तुफा दगडाचं घर, छपरापासून उंबऱ्यापर्यंत भेग,
कमरेला लोखंडी पट्टा आवळलेला,
गच्चीवर वाळत घातलेली फुलाफुलांची चादर.
शेजारी नवी इमारत, नऊ मजली ठरलेली,
चौथ्यावर थांबलेली,
खिडक्यांच्या जागी झुडपं.
“मला काय विचारतेस,” तो म्हणाला,
“मी डब्यात जन्मलो.”

पंधरा पानं मोजून दिली.

घरी तो आता इतका हळू चालतो
की चालू आहे ना, म्हणून मी दोनदा हात लावून पाहिला.
मांजर आली, कोमट हवा हुंगली,
अपमान झाल्यासारखी रेडिएटरकडे निघून गेली.
अर्धवट पान गेलंच होतं. पुन्हा लिहिलं :
‘वारसाहक्काने मिळालेली, दोन खोल्यांची,
भिंतींस भेगा असलेली, परंतु राहण्यास योग्य.’

करडी घडी कोटाच्या खिशात आहे.
कचऱ्याची बादली दारापाशीच आहे.
उद्या बघू.